सात अक्षरांतून मोठा शब्द आणि मोठा स्कोअर कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक ताई घरी आणि मोबाईलवर इंग्रजी स्क्रॅबल खेळतात, इंग्रजी वाचन बऱ्यापैकी आहे, पण हातात सात अक्षरं आली की त्यांना तीन-चार अक्षरी शब्दच दिसतात आणि त्यांचा भाचा तसल्याच अक्षरांतून सातच्या सात वापरून सत्तर-ऐंशी पॉइंट घेऊन जातो. त्याला ते शब्द दिसतात कसे, डिक्शनरी पाठ करावी लागेल का, आणि अक्षरं टाकली की शब्द काढून देणारी ॲप्स वापरावीत का?

मी बरीच वर्षं क्लबमध्ये आणि टुर्नामेंटमध्ये खेळतोय, नवीन लोकांना शिकवतोही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिक्शनरीचं नंतर बघू, आधी शोधायची पद्धत बदला, कारण बहुतेक वेळा तुम्हाला चांगला माहीत असलेला शब्दच तुम्हाला दिसत नसतो. हे पटत नसेल तर ही अक्षरं घ्या: ए, डी, एन, ओ, ओ, आर, टी. कागदावर इंग्रजीत लिहा आणि दोन मिनिटं बघा, मग पुढे वाचा. यातून सात अक्षरी चार शब्द होतात, टॉर्नेडो, डोनेटर, ओडोरंट आणि चौथा आपला तंदूर, हो, टी-ए-एन-डी-ओ-ओ-आर, तो कॉलिन्स नावाच्या, स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांच्या यादीत आहे आणि अमेरिकन यादीतही चालतो. टॉर्नेडो आणि तंदूर कोणाला माहीत नाहीत? तरी नवीन खेळणारे लोक यातून 'रोड' आणि 'डोअर' काढून थांबतात. म्हणजे अडचण शब्दसंग्रहाची नाहीये.

होतं काय की अक्षरं पिशवीतून ज्या क्रमाने आली त्याच क्रमात आपण ती वाचत बसतो. सात वेगवेगळी अक्षरं ५०४० प्रकारे मांडता येतात आणि एवढे प्रकार कोणीच तपासत नाही, वर्ल्ड चॅम्पियनसुद्धा नाही. मुरलेला प्लेयर शोधतो कमी आणि वगळतो जास्त, सात अक्षरांचा प्रश्न तो तीन-चार अक्षरांचा करून टाकतो, आणि तीन-चार अक्षरं तर तुम्हालाही जमतात ना, हे तुम्हीच लिहिलंय.

ते करायचं कसं, तर शब्दाचं शेपूट आधी बाजूला काढायचं. इंग्रजीतले बहुतेक लांब शब्द ठरावीक शेपटांवर संपतात: आय-एन-जी, ई-डी, ई-आर, आय-ई-आर, आय-ई-एस, ई-एस-टी, आय-एन-ई, ए-जी-ई, आय-एस-टी, ए-बी-एल-ई, एम-ई-एन-टी, एन-ई-एस-एस. हातात यातलं काही असलं की त्या टाइल्स उचलून रॅकच्या, म्हणजे अक्षरं लावायच्या पट्टीच्या, उजव्या टोकाला ठेवा, खरोखर हाताने सरकवा, मनातल्या मनात नको. आता समजा अक्षरं आहेत ए, डी, ई, आय, एन, आर, एस. ई-डी बाजूला काढलं तर उरतं ए, आय, एन, आर, एस, त्यातून 'रेन्स' दिसतं पण त्याला ई-डी लागत नाही, सोडून द्या. आय-ई-आर बाजूला काढा, उरलं ए, डी, एन, एस, म्हणजे सँड, झालं सँडियर. आता आय-एन-ई काढून बघा, उरलं एस, ए, आर, डी, म्हणजे सार्डिन. एका रॅकमधून दोन शब्द निघाले आणि त्यासाठी सात अक्षरांकडे एकदम बघावं लागलंच नाही.

शेपूट जमलं नाही तर डोकं बघा, म्हणजे सुरुवात: आर-ई, यू-एन, डी-आय-एस, एम-आय-एस, पी-आर-ई, ओ-यू-टी. यातलं ओ-यू-टी हे फार मोठं घबाड आहे कारण स्क्रॅबलच्या याद्यांमध्ये ते असंख्य क्रियापदांना लागतं, आउटसिंग, आउटकुक, आउटप्रे हे सगळे चालतात, म्हणजे हातात ओ, यू, टी असेल तर उरलेल्या चार अक्षरांतून एखादं साधं क्रियापद निघतंय का एवढंच बघायचं.

एक सावधगिरी मात्र सांगतो, कारण इथे जवळजवळ प्रत्येक नवशिक्या अडकतो. आय-एन-जी दिसलं की लोक ते शेवटी चिकटवून ठेवतात आणि परत सोडतच नाहीत. ई, जी, आय, एन, आर, एस, टी घ्या. आय-एन-जी काढलं की 'रेस्टिंग' लगेच दिसतं, छान आहे. पण समजा बोर्डावर 'रेस्टिंग' कुठेच बसत नाहीये, तर? आय-एन-जी मोडा, ई-आर काढा, आणि 'स्टिंगर' निघेल, जिथे आय-एन-जी मधोमध बसलंय. शेपूट ही फक्त शोधायची युक्ती आहे, ती प्रत्येक वेळी वेगळी लावून बघायची, एकाच्या प्रेमात पडायचं नाही.

मग येतात व्यंजनांच्या जोड्या आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. बी, जी, एच, आय, एल, एस, टी अशी अक्षरं आली तर माणूस हात टेकतो, एकच स्वर, बाकी सगळा दगडधोंडा, आणि बरेच जण इथे अक्षरं बदलून घेतात. पण जी-एच-टी हे इंग्रजीत जवळजवळ कायम एकत्र राहतं आणि त्याच्या आधी बहुतेक वेळा आय असतो, म्हणजे आय-जी-एच-टी. त्याच्या आधी एल लावा, लाइट. आता हातात उरले फक्त बी आणि एस, आणि शब्द तयार आहे, ब्लाइट्स. अशा जोड्या डोक्यात ठेवा: सी-एच, एस-एच, टी-एच, पी-एच, सी-के, क्यू-यू, एस-टी-आर. मराठी माणसाला याची सवय मुद्दाम लावावी लागते कारण आपण शब्द कानाने शोधतो, उच्चार तयार होतोय का ते बघतो, आपल्या लिपीत तसंच असतं. इंग्रजी स्पेलिंग कानाला फसवतं, त्यामुळे इथे शाळेत मोठ्याने स्पेलिंग घोकायचो ती सवय जास्त कामाची, अक्षरामागून अक्षर.

आता भाच्याच्या शब्दांकडे येऊ. तो बहुधा ठरावीक सहा अक्षरांचे संच ओळखतो. पिशवीत १०० टाइल्स असतात, त्यात ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, एन, आर, टी प्रत्येकी ६, एस फक्त ४ आणि कोऱ्या, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या, टाइल्स २. खेळ बनवणारा आल्फ्रेड बट्स हा न्यूयॉर्कचा आर्किटेक्ट, त्याने १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांमधली अक्षरं मोजून हे आकडे ठरवले होते. आता जी अक्षरं जास्त आहेत तीच तुमच्या हातात वारंवार येणार, मग अभ्यासही त्यांचाच आधी करायचा, सोपं आहे. सितारची इंग्रजी अक्षरं घ्या, एस-आय-टी-ए-आर, त्यात ई घाला, झालं सटायर. या सहा अक्षरांत सातवं आलं की बघा काय होतं: बी आला तर बेटर्स, सी आला तर रेसिएस्ट, डी आला तर टायरेड्स, एफ आला तर फेअरेस्ट, जी आला तर गेटर्स, एच आला तर हेस्टियर, एल आला तर रिटेल्स, एन आला तर रिटेन्स, पी आला तर पायरेट्स आणि पार्टीज, टी आला तर आर्टिस्ट, शेवटी ई असलेला, डब्ल्यू आला तर वेटर्स. यातला एकही शब्द अवघड नाहीये! असाच दुसरा संच म्हणजे टी-आय-एस-ए-एन-ई. त्यात डी आला तर इन्स्टेड, व्ही आला तर नेटिव्ह्ज, एम आला तर इनमेट्स, के आला तर इनटेक्स, आणि झेड आला तर झेनिएस्ट, जो एका झटक्यात सामना फिरवतो. हे दोन संच नीट पाठ झाले की खेळात जाणवण्याइतका फरक पडतो, मी शिकवलेल्या लोकांमध्ये हे कायम बघितलंय.

पाठ करताना एक गोष्ट पाळा, अक्षरं नेहमी ए टू झेड क्रमात लावून मग त्याच्याशी शब्द जोडा. आम्ही याला अल्फाग्राम म्हणतो. फायदा असा की तीच सात अक्षरं कुठल्याही क्रमाने आली तरी वर्णक्रमात लावली की ती एकसारखीच दिसतात आणि डोकं 'हे तर बघितलंय' म्हणतं. अनुभवी लोक टाइल्स उचलल्या की आधी क्रमाने लावतात ते यासाठीच.

सात अक्षरी शब्द निघाला पण बोर्डावर जागा नाही, हे रोजचं दुखणं आहे. अशा वेळी बोर्डावरचं एक अक्षर धरून आठ अक्षरी शब्द शोधायचा. हातात ए, ई, आय, एन, आर, एस, टी आहेत आणि बोर्डावर एक मोकळा पी दिसतोय, तर पेंटर्स, पॅन्ट्रीज, परटेन्स, रीपेंट्स, चारही आहेत, पहिल्या तिघांत पी सुरुवातीला येतो आणि रीपेंट्समध्ये तिसऱ्या जागी, त्यामुळे एखादा बसायची शक्यता वाढते. पी नाही पण जी आहे, तर अँग्रिएस्ट, ग्रॅनाइट्स, इनग्रेट्स. आपल्या हातातलं न बघता बोर्डावरचं कुठलं अक्षर मोकळं आहे ते आधी बघून मग रॅककडे या.

आता स्कोअर, कारण लांब शब्द आणि जास्त मार्कांचा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सात टाइल्स एकदम लावल्या की ५० बोनस, त्यामुळे सात अक्षरी शब्द जवळजवळ नेहमी भारीच पडतो, पण तो कुठे ठेवायचा यानेही फरक पडतो. मघाचा ब्लाइट्स पहिल्या चालीला ठेवायचाय. अक्षरांच्या पॉइंटची बेरीज १३. मधल्या चांदणीवर डबल वर्ड असतो, म्हणजे पूर्ण शब्दाचे पॉइंट दुप्पट, आणि त्याच ओळीत दोन्ही बाजूंना चौथ्या आणि बाराव्या घरात डबल लेटर, म्हणजे फक्त त्या अक्षराचे दुप्पट. बी जर चांदणीवर ठेवून उजवीकडे शब्द लावला तर एच, जो ४ पॉइंटचा आहे, बरोबर डबल लेटरवर येतो, म्हणजे १७, दुप्पट ३४, अधिक ५०, एकूण ८४. तोच शब्द पाचव्या घरापासून अकराव्यापर्यंत लावला तर एकही डबल लेटर मिळत नाही आणि ७६ होतात. फुकटात आठ पॉइंट गेले. टॉर्नेडोचंही तसंच, डी डबल लेटरवर आला तर ७०. डोनेटर आणि ओडोरंटलाही ७० जमतात, पण तंदूरमध्ये डी बरोबर मध्ये येतो, तो पहिल्या चालीला डबल लेटरवर पोचूच शकत नाही, जास्तीत जास्त ६८. शिवाय तंदूरच्या शेवटी आय लावून समोरचा तंदूरी करू शकतो, तोही चालतो. म्हणून आपला शब्द असला तरी पहिल्या चालीला मी तंदूर ठेवणार नाही.

आणि कधीकधी एका टाइलचा शब्द सात अक्षरीच्या तोडीस तोड असतो. एक्स ८ पॉइंटचा. ट्रिपल लेटरच्या घराच्या डावीकडे ई आहे आणि वरच्या बाजूला ए आहे असं समजा, तिथे फक्त एक्स ठेवला तर आडवा 'ई-एक्स' आणि उभा 'ए-एक्स', प्रत्येकी २५, मिळून ५०. एक टाइल! त्यामुळे झेड, क्यू, जे, एक्स ही अक्षरं आली की लांब शब्दाच्या मागे लागू नका, दोन्ही दिशांनी मोजलं जाणारं घर शोधा.

दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कार्ल खोश्नाव नावाच्या खेळाडूची चाल, १९८२, मँचेस्टर, शब्द कझीक्स, स्पेलिंग सी-ए-झेड-आय-क्यू-यू-ई-एस. एका चालीत ३९२ पॉइंट. गणित सोपं आहे: अक्षरांची बेरीज २८, क्यू डबल लेटरवर म्हणून ३८, शब्द दोन ट्रिपल वर्डवर पसरलेला म्हणून नऊपट, ३४२, अधिक ५०. असं रोज होत नाही, पण ट्रिपल वर्डच्या कडेला एखादं अक्षर मोकळं राहिलं की माझी नजर आपोआप तिकडे जाते ती याचमुळे.

पुढचा मुद्दा नवीन लोक अजिबात बघत नाहीत, आणि माझ्या मते भाच्यात आणि तुमच्यात खरा फरक इथे आहे. चाल झाल्यावर हातात काय उरतंय? २४ पॉइंटचा शब्द लावून हातात व्ही, यू, यू उरत असतील आणि १९ चा शब्द लावून ई, आर, एस उरत असतील तर मी डोळे मिटून १९ चा लावेन, कारण ते पाच पॉइंट पुढच्या चालीला पन्नासच्या बोनसमधून वसूल व्हायची शक्यता खूप जास्त. सात अक्षरी शब्द असे दोन-तीन चाली आधीपासून जमवत आणावे लागतात. १०० टाइल्समध्ये स्वर ४२ आणि व्यंजनं ५६, म्हणून हातात साधारण तीन स्वर चार व्यंजनं राहतील असं खेळा, एकच अक्षर दोन-तीनदा साठलं असेल तर आधी ते घालवा. स्वर फार झाले तर ॲड्यू, ऑडिओ असे शब्द कामी येतात, स्वरच नसतील तर एस-एच, एच-एम, पी-एस-टी, सी-डब्ल्यू-एम, हे सगळे चालतात. काहीच जमत नसेल आणि पिशवीत सात किंवा जास्त टाइल्स असतील तर बदलून घ्या, त्यात कमीपणा नाही, टुर्नामेंटमध्ये सगळे करतात. एस मात्र आठ-दहा पॉइंट जास्त मिळत असल्याशिवाय वापरू नका, आणि कोरी टाइल तर सात अक्षरी शब्दासाठीच ठेवा, तीस-पस्तीस पॉइंटसाठी खर्च करू नका. कोरी हातात असेल तेव्हा तिच्या जागी एकेक अक्षर धरून बघायचं, बी, सी, डी करत पुढे, कंटाळा न करता, वर सटायरचं केलं तसंच.

डिक्शनरी पाठ करावी का? सगळी नाही. आधी दोन अक्षरी शब्द, कॉलिन्समध्ये ते सव्वाशेच्या घरात आहेत, अमेरिकन यादीत शंभराच्या थोडे वर, एका आठवड्यात होतात. क्यू-आय, झेड-ए, एक्स-आय, एक्स-यू, जे-ओ हे आधी घ्या, यांच्याशिवाय वरची एक्सची चाल दिसणारच नाही. मग यू शिवायचे क्यूचे शब्द, आणि इथे आपल्याला मोठा फायदा आहे, फकीर, तलाक, वक्फ, निकाब हे सगळे क्यू घालून चालतात, कव्वाली क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय अशी सात अक्षरी आहे आणि नुसत्या अक्षरांचे २२ होतात. आपले अजून कितीतरी शब्द आहेत: घी, रोटी, पुरी, भजी, लाख, करोड 'क्रोअर' म्हणून, राज, पूजा, खादी, स्वराज. घेराव, धरणं, हरताळ आणि बंद हे चारही आहेत, फक्त स्पेलिंग त्यांच्या पद्धतीचं बघून घ्या, धरणं डी-एच-ए-आर-एन-ए आणि बंदला शेवटी एच. मोबाईलच्या गेममध्ये यादी कॉलिन्स आहे का अमेरिकन ते सेटिंगमध्ये आधी तपासा, भारतात टुर्नामेंट कॉलिन्सवर होतात.

इंग्रजी कच्चं असल्याची काळजी करू नका हे मी मनापासून सांगतोय. २००७ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप आपल्या मुंबईत झाली होती आणि न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने ती जिंकली. त्याच माणसाने २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतली वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, फ्रेंच बोलता येत नसताना, आणि २०२४ मध्ये स्पॅनिशमधलीही. त्याला अर्थ लागत नाही, अक्षरांचा संच आणि त्यातून होणारे शब्द एवढंच पक्कं असतं. त्याची स्मरणशक्ती आपल्याकडे नाही हे खरं, पण सटायरचा संच पाठ करायला तेवढी लागतही नाही.

राहिला ॲप्सचा प्रश्न. खेळताना वापरू नका, ती फसवणूक आहे, समोर भाचा असला तरी. पण डाव संपल्यावर जरूर वापरा, आणि तेही एका ठरावीक पद्धतीने: प्रत्येक चालीला तुमचा रॅक कागदावर लिहून ठेवा, डाव झाल्यावर आधी स्वतः पाच मिनिटं शोधा, मगच सॉफ्टवेअरला विचारा. झिझिव्हा नावाचं सॉफ्टवेअर अल्फाग्रामचा सराव करून घेतं आणि चुकलेले शब्द परत परत समोर आणतं, क्वॅकल हे फुकट आहे आणि ते नुसता शब्द नाही तर हातात काय उरतंय तेही धरून चाल सुचवतं. सुटलेले शब्द बघताना दोन ढीग करा, जे माहीत होते पण दिसले नाहीत ते एकीकडे आणि जे माहीतच नव्हते ते दुसरीकडे. पहिला ढीग सुरुवातीला खूप मोठा असेल, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचं कुठलं शेपूट किंवा कुठली जोडी नजरेतून सुटली ते शेजारी लिहा. दहा-बारा डावांनंतर दिसेल की तुमची नजर ठरावीक दोन-तीन ठिकाणीच अडकते, कोणाची आय-ई-आर वर, कोणाची ओ-यू-टी वर, मग पुढचे काही दिवस सराव फक्त त्याचाच करा. दुसऱ्या ढिगाला हात नंतर लावला तरी चालेल.